डोळा कोणी भरायचा?

दिवाळीला घरी येणाऱ्याने येताना काय आणावे, याचे आमच्या लहानपणी ठराविक संकेत होते. मुंबईकडचा पाहुणा बिस्किटांचा डबा आणी, अमरावतीकडचा लुगडे आणी, आणि नागपूरचा पाहुणा संत्र्याची बर्फी आणी. आमचा नरखेड तालुका म्हणजे संत्र्याचा मुलूख. पलीकडे वरुड, अलीकडे काटोल, जिकडे पाहावे तिकडे संत्र्याच्या बागा. पण संत्र्याच्या घरी संत्र्याचीच बर्फी आणण्यात काही विसंगती आहे, असे त्या पाहुण्याला कधी वाटले नाही, आणि ती खाताना आम्हालाही वाटले नाही.

गेल्या दिवाळीत माझी नात पुण्याहून आली ती मात्र एक गाव घेऊन आली. त्या गावात विहीर होती, पार होता, मारुतीचे देऊळ होते, आणि नदीच्या अंगाला संत्र्याची बागही होती. फक्त हे सारे तिच्या मांडीवरच्या संगणकात होते. ती दिवसा एका कंपनीत नोकरी करते आणि रात्री दोन मैत्रिणींच्या साथीने एक खेळ रचते, एवढे मला ऐकून ठाऊक होते. पण त्या खेळात आमचाच मुलूख असेल, ही कल्पना नव्हती.

"आबाजी, तुम्ही खेळून बघा. कुठे चुकतंय ते मला सांगा," ती म्हणाली.

पस्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. कुठे चुकतंय ते सांग, असे कोणी म्हटले की माझ्या अंगात अजूनही उत्साह संचारतो. मी चष्मा पुसला आणि सरसावून बसलो.

खेळाची रीत अशी होती. आधी आपले पात्र निवडायचे. माळी, सुतार, वैद्य, गुराखी आणि आजी अशी पाच पात्रे. प्रत्येकाला एकेक खास विद्या दिलेली. माळ्याने संत्र्याचा डोळा भरायचा, सुताराने गाडीचे चाक दुरुस्त करायचे, वैद्याने औषध द्यायचे, गुराख्याने रानातल्या आडवाटा शोधायच्या. आणि आजीने गोष्ट सांगायची. तिची गोष्ट ऐकली की सगळ्यांचा शीण जातो, असा नियम. आमच्या घरच्या आजीच्या गोष्टीने ऐकणाऱ्याला हमखास झोप लागते, हे मी नातीच्या नजरेस आणून दिले. स्वयंपाकघरातून लगेच भांडे आपटल्याचा आवाज आला, म्हणून तो मुद्दा मी तिथेच सोडला.

"पण प्रत्येकाला एकच विद्या का?" मी विचारले. "सगळ्यांना सगळे येऊ दे की. बिचाऱ्या सुताराने डोळा भरला म्हणून काय बिघडले?"

"मग कोण कोणाकडे जाईल, आबाजी? सगळ्यांना सगळं आलं तर पाच पात्रं कशाला हवीत? एकच पुरेल. आणि ते एकटंच हिंडत बसेल."

हे उत्तर मला पटले. पटायला कारण होते. माझे निम्मे तारुण्य गावच्या पारावर बुद्धिबळाच्या पटाशी गेले आहे. त्या पटावर तरी दुसरे काय असते? हत्तीने सरळ जायचे, उंटाने तिरके जायचे, आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारण्याचा मान एकट्या घोड्याचा. वजिराला एवढी सत्ता, पण घोड्याची ती अडीच घरांची उडी काही त्याला साधत नाही. बत्तीसच्या बत्तीस मोहरी वजीर असती तर चार खेळ्यांत रणकंदन होऊन पट मोकळा झाला असता. खेळाची सारी गोडी त्या 'नाही'त आहे. ज्याला जे येत नाही त्यासाठी त्याला शेजारच्याचे तोंड पाहावे लागते, आणि त्यातूनच डाव रंगतो.

नातीने मग तिच्या खेळांच्या कुळाचा इतिहास सांगितला. असल्या खेळांचा मूळपुरुष १९७४ साली अमेरिकेत जन्माला आला. संगणकावर नव्हे, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्याच सामग्रीवर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला, आणि त्याचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. त्यात आरंभी तीनच वर्ग होते : लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. मांत्रिकाला मंत्र येत, पण चिलखत घालता येत नसे आणि हातात फार तर खंजीर धरता येई. धर्मोपदेशकाला धारेचे शस्त्र वर्ज्य. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, चोर नावाचा चौथा वर्ग आला. भिंत चढणे, अंधारात लपणे, कुलूप उघडणे या त्याच्या खास विद्या ठरल्या.

"आणि इथेच गंमत झाली," ती म्हणाली. "त्याआधी लढवय्याही भिंत चढायचा प्रयत्न करायचा, मांत्रिकही लपायचा. कोणी अडवत नव्हतं. पण भिंत चढणं ही चोराची विद्या असं पुस्तकात छापून आलं, आणि पुष्कळ खेळणाऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता इतरांना ती चढताच येणार नाही."

मी हसलो, पण ते वाक्य मनात कुठे तरी अडकून राहिले. एकाला एक गोष्ट येते असे लिहिले, की दुसऱ्याला ती येत नाही असे न लिहिताच ठरून जाते.

दुसरा दिवस लक्ष्मीपूजनाचा. नात आजीबरोबर अंगणात रांगोळी काढत होती. मी एकटाच खेळायला बसलो, आणि वयाचा मान राखून आजीचे पात्र घेतले. आजीला हळूहळू चालवीत बागेकडे नेले. तिथे जंबेरीची रोपे ओळीने उभी होती आणि बाजूला चाकूचे चित्र होते, पण ते राखाडी. त्यावर बोट ठेवले तर अक्षरे उमटली : 'ही कला या पात्राला येत नाही.'

ठीक आहे, नियम म्हणजे नियम. मी माळ्याला बोलावण्याच्या विचारात होतो. तेवढ्यात बाहेरून चहाची हाक आली. उठताना माझा हात कळफलकावर पडला, आणि पाहतो तो काय, आजी खाली वाकली, तिने रोपावर चाकू चालवला, डोळा बसवला, गाठ बांधली आणि कंबर धरून उभी राहिली! क्षणभराने त्या रोपाला हिरवा कोंब फुटला.

मी नातीला हाक मारली. ती रांगोळीच्या हातांनीच धावत आली आणि पाहून कपाळाला हात लावती झाली. कपाळ गुलाबी झाले.

"अरे देवा! चूक राहिली. मी फक्त चित्रावर पहारा बसवला होता, आबाजी. आजी असेल तर चित्र राखाडी कर, एवढंच. पण तीच कृती कळफलकावरच्या एका कळीनंही करता येते, आणि तिथे कोणी विचारतच नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! पहारा दाखवण्यावर नको, करण्यावर हवा. काम जिथे होतं तिथेच विचारायला हवं. थांबा, दोन मिनिटांत दुरुस्त करते."

"थांब," मी म्हणालो. "इतक्यात पुसू नकोस. त्या आजीला मी ओळखतो."

आणि मग त्रेसष्ट वर्षे कोणाला न सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली.

१९६२ सालचा माघ महिना. मी दहा-अकरा वर्षांचा. आमच्या वडिलांनी त्या वर्षी घरची पन्हेरी केली होती, म्हणजे संत्र्याची कलमे स्वतःच तयार करायचा घाट घातला होता. जंबेरीची चारशे रोपे पेन्सिलीएवढी जाड होऊन डोळ्याची वाट पाहत उभी होती. ज्यांना ही विद्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याचे झाड नुसते बी पेरून धरीत नाहीत. खाली मूळ जंबेरीचे आणि वर झाड संत्र्याचे, असा तो संसार असतो. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीच्या चिमुकल्या ढालीसकट काढायचा. जंबेरीच्या खोडावर जमिनीपासून वीतभर उंच, इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद घ्यायचा. उंच अशासाठी की माती आणि ओल जोडाला लागली तर डिंक्या रोग धरतो. साल अलगद उकलून डोळा आत सरकवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधायचा, डोळा तेवढा उघडा ठेवून. हे सारे रोपाची साल सुटत असेल तेवढ्या दिवसांतच व्हायला हवे. रस आटला, साल खोडाला चिकटली, की हंगाम गेला.

डोळे भरायला दरवर्षी एक माळीबुवा येत. हात असा हलका की चाकू लागल्याचे झाडाला कळत नसावे. त्या वर्षी त्यांनी एक ओळ भरली आणि ते तापाने अंथरुणाला खिळले. वडील दुसरा माणूस शोधायला पार शेंदुरजनाघाटापर्यंत जाऊन आले. ते गाव कलमांसाठीच प्रसिद्ध. पण ऐन हंगामात रिकामा हात कुठे मिळणार? घरात कर्ज होते, आणि त्या चारशे रोपांवर त्याची फेड ठरलेली होती. वडील जेवेनासे झाले.

आमच्याकडे माझी आत्या असे. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. माळीबुवांना पाणी देणे, सोपट भिजवून ठेवणे, कापलेल्या फांद्या गोळा करणे ही तिची कामे. आठ-दहा हंगाम ती त्यांच्या हाताशी होती. पण चाकू बाईने धरायचा नाही, असा आमच्या घरचा नेम. आणि विधवेने तर कोणत्याच आरंभाला हात लावायचा नाही.

एका पहाटे तिने मला उठवले. हातात कंदील दिला आणि म्हणाली, "चाल. उजेड धर. अन् कोनाले सांगू नोको."

पन्हेरीत जाऊन ती बसली. माझ्या हातातला कंदील थरथरत होता, तिचा हात नव्हता. छेद, साल, डोळा, गाठ. छेद, साल, डोळा, गाठ. तांबडे फुटेस्तोवर तीस-चाळीस रोपे झाली. मी विचारले, "आत्या, तुले कोनं शिकवलं?" ती म्हणाली, "शिकवाले कोन येते? डोये होते, पायलं."

तिसऱ्या दिवशी वडिलांच्या लक्षात आले. ते बांधावर उभे राहून पाहत होते, मी त्यांना पाहिले. ते काही बोलले नाहीत. परत फिरले. त्या दिवशी ते जेवले.

तीन आठवड्यांनी माळीबुवा काठी टेकीत आले. डोळा लागला की नाही हे पाहायची एक खूण असते. डोळ्याखाली पानाचा जो देठ ठेवलेला असतो त्याला बोट लावायचे. डोळा जिवंत असेल तर देठ टपकन गळून पडतो. वाळून चिकटून बसला असेल तर डोळा मेला. माळीबुवा एकेका देठाला बोट लावीत निघाले आणि देठ गळत गेले. मग त्यांनी एक गाठ निरखून पाहिली.

"ह्या गाठी कोनाच्या, पाटील?"

"तुमच्याच," वडील म्हणाले. "इसरले काय?"

माळीबुवांनी विहिरीकडे पाहिले. तिथे आत्या पाणी शेंदत होती. ते "हाव" म्हणाले आणि पुढे गेले. पण जाताना त्यांनी मला जवळ बोलावून आपला जुना चाकू दिला. "हा त्या बाईले दे," एवढेच म्हणाले.

कलमे विकली गेली, कर्ज फिटले. गावात नाव झाले ते माळीबुवांच्या हाताचे आणि वडिलांच्या हिमतीचे. आत्या पुढे तीस वर्षे जगली. तेराव्याला सगळे तिच्या उपासांबद्दल बोलले, सोसण्याबद्दल बोलले. मी तोवर मास्तर झालो होतो, चार माणसांत बोलायची सवय होती. पण त्या चारशे रोपांबद्दल मी अवाक्षर काढले नाही. का, हे मला आजही नीटसे सांगता येत नाही. तिने सांगू नको म्हटले होते, ही सबब झाली. खरे म्हणजे वडिलांचा शब्द खोटा पडला असता. ती झाडेही आता राहिली नाहीत. त्यांच्या जागी दुसरी बाग आली. कंदील धरणारा तेवढा मी उरलो होतो.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या नावापुढे चित्र राखाडीच होतं."

"हो. आणि ती मागच्या दाराने गेली."

यावर आमचा रात्रीपर्यंत वाद झाला. मी म्हणालो, काढून टाक ते पहारे. आमच्या देशात खेळाबाहेर हा खेळ पुष्कळ शतके झाला आहे. सुताराच्या पोटी सुतार, न्हाव्याच्या पोटी न्हावी, आणि काहींच्या वाट्याला तर कोणाला नको असलेलीच कामे. डॉक्टर आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की जातीची व्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. आणि तू तीच वाटणी पुन्हा संगणकात भरतेस?

पोरगी ऐकणारी नव्हती. "आबाजी, दोन्ही एक नाही. खेळात पात्र मी निवडते. कंटाळा आला तर उद्या दुसरं घेते. तुमच्या आत्याला कोणी विचारलं होतं, तू कोणतं पात्र घेतेस म्हणून? आणि पहारे काढले तर पुन्हा तेच. कोणाला कोणाची गरज नाही. तुम्हीच म्हणालात, सगळे वजीर झाले तर डाव कसला?"

आता मीच पेचात सापडलो. विचार करता करता मला पारावरचा आमचा देशी डाव आठवला. आजच्या डावात प्यादे शेवटच्या घरात पोचले की बहुधा त्याचा वजीर करतात. आमच्या देशी रीतीत तसे नव्हते. प्यादे घोड्याच्या घरात पोचले तर घोडा होई, हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती. म्हणजे प्रत्येकाची चाल ठरलेली, पण एका चालीतून दुसरीत जायला वाटही ठेवलेली. ती लांब होती, एकेका घराने चालायची होती, पण होती. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती. स्पर्धेला बसताना ती ग्रँडमास्टर नव्हती. त्या विजयानेच तिला ती पदवी मिळाली. बातमी वाचून मला आधी ते प्यादेच आठवले होते.

"भिंत राहू दे," मी नातीला म्हणालो. "पण तिला दार ठेव."

ती रात्री उशिरापर्यंत बसली. सकाळी तिने मला केलेले बदल समजावून दिले. मला ते समजले, कारण शाळेचे वेळापत्रक मी अनेक वर्षे बनवले आहे. आधी तिच्या आज्ञावलीत जागोजागी लिहिलेले होते : पात्र माळी असेल तरच डोळा भरू दे. सतरा ठिकाणी तोच प्रश्न, आणि अठराव्या ठिकाणी ती विसरलेली! आता तिने एक तक्ता केला. उभ्या ओळीत पात्रे, आडव्या ओळीत विद्या, ज्याला जी येते तिथे खूण. आणि पहारा एकच, काम जिथे होते त्या दाराशी. पण पहारेकऱ्याचा प्रश्न बदलला. 'तू कोण?' असे तो आता विचारत नाही. 'तुला येते का?' एवढेच विचारतो. माळ्याच्या पुढे खूण पहिल्यापासूनच आहे. इतर कोणी चाळीस दिवस माळ्याजवळ बसून हाताशी काम केले, तर त्याच्याही पुढे ती उमटते. मात्र एका पात्राला दोनांहून अधिक विद्या धरता येत नाहीत. त्यामुळे शेजाऱ्याची गरज कोणाची सुटत नाही.

राखाडी चित्रावरची अक्षरेही बदलली होती. 'ही कला या पात्राला येत नाही' याच्या जागी आता होते : 'ही कला अजून शिकलेली नाही.' माझ्यातल्या मास्तराला त्या 'अजून' शब्दाने फार बरे वाटले. प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिताना तो मला कितीदा तरी सुचायला हवा होता.

भाऊबीजेला माझी धाकटी बहीण आली, धाकटा भाऊ आला. ओवाळणी झाली, पंगत बसली. नातीने माझ्याकडे नुसते पाहिले. मी घसा साफ केला आणि सर्वांसमोर ती माघातली गोष्ट पहिल्यापासून सांगितली. वडिलांनी माळीबुवांना काय सांगितले, तेही सांगितले.

मला वाटले होते, सगळे थक्क होतील. भाऊ खाली मान घालून भात कालवीत होता. तो म्हणाला, "मले मालूम होतं, दादा."

"तुले? कसं?"

"तू उठून गेला की मी जागा व्हायचो. खिडकीतून कंदील दिसे. मले वाटे, तुले सांगितलं तर तू रागावशील."

साठ वर्षांवर आम्ही दोघे भाऊ एकाच घरात, एकाच गोष्टीवर, एकमेकांपासून पहारा देत बसलो होतो!

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बहिणीने विचारले, "मंग त्या चाकूचं काय झालं?"

माझी पत्नी उठली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात आमचा तो नेहमीचा लहान चाकू होता, मूठ गुळगुळीत झालेला, पाते झिजून निम्मे उरलेले. आत्याने तो तिला दिला होता, आणि तीही गेली कित्येक वर्षे त्यानेच लिंबू कापीत होती. तो कोणाचा, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

नातीने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आजीला विचारले, "हा मी पुण्याला नेऊ?"

"ने," आजी म्हणाली. "पण धार लावून घे आधी."